किती माल, किती अंतर, किती माणसे?

(जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपले जबलपूर हे दारूगोळ्याचे शहर. खमरियाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून इथे उभा आहे. 22 ऑक्टोबर 2024 रोजी तिथे स्फोट झाला, इमारत ढासळली, कामगार प्राणास मुकले. पुढे तीनच महिन्यांनी, 24 जानेवारी 2025 रोजी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छप्पर खाली आले आणि आठ कामगार गेले. स्फोट का झाला याची चौकशी नंतर होते. मला आज त्याच्या आधीचा प्रश्न मांडायचा आहे. स्फोट झालाच, तर त्या वेळी कोण कुठे बसलेले असेल?

धोक्याचे मूल्यमापन हा इंजिनिअर साहेबांचा विषय, असे आपण धरून चालतो. मी मॅट्रिक झालेला माणूस, त्यांचे सगळे गणित मला येत नाही. पण तीन आकडे कोणताही कामगार विचारू शकतो. माल किती? अंतर किती? माणसे किती?

पहिल्या दोन आकड्यांचा हिशेब सोपा आहे. स्फोटक माल आठपट झाला, तर तेवढाच दाब सोसायला अंतर दुप्पट लागते. म्हणजे मंजुरीपेक्षा जास्त माल भरला, की नकाशावरचे सुरक्षित अंतर अपुरे पडले. म्हणूनच स्फोटकांच्या इमारती दूर दूर असतात, मध्ये मातीचे बांध असतात आणि आत किती किलो माल व किती माणसे चालतील याची मर्यादा ठरलेली असते.

तिसरा आकडा मात्र विसरला जातो. 1 जून 1974 रोजी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात 28 जण मेले. त्यातले 18 एकट्या कंट्रोल रूममध्ये होते. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 15 जण गेले. ते ठेकेदारांचे लोक होते आणि प्लँटजवळ आणून ठेवलेल्या तात्पुरत्या केबिनींत वा त्यांच्या आसपास होते. ज्या प्लँटमध्ये स्फोट झाला, तिथे त्यांचे काम नव्हते! केबिन दुसरीकडे ठेवली असती, तर ते वाचले असते.

आता आपल्या दारात पाहा. जून 2023 मध्ये शहापुरा-भिटोनीच्या सायडिंगवर गॅसच्या मालगाडीचे दोन डबे घसरले. अनर्थ टळला. पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत सरपटत जातो, नालीत आणि खड्ड्यात साचतो आणि दूरच्या एका ठिणगीने पेटतो. मग अशा सायडिंगवर पॉइंट्समनची गुमटी कुठे आहे? ठेकेदाराचे मजूर जेवायला कुठे बसतात? टपाल बंधूंनो, कारखान्याच्या वसाहतीत तुमचे पोस्ट ऑफिस असेल, तर त्याच्या मोठ्या काचा कोणत्या दिशेला आहेत? लांबवरच्या हादऱ्यानेही काच फुटते आणि तिचे तुकडे माणसाला चिरतात.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत, हे तत्त्व तेव्हा कायद्यात आले. त्याच आधारावर आपल्या मागण्या आहेत. धोक्याच्या जागेजवळच्या प्रत्येक इमारतीची, गुमटीची आणि शेडची यादी करा. प्रत्येक पाळीत तिथे किती माणसे असतात ते मोजा. कायम, हंगामी, ठेकेदाराचे, सगळे त्यात धरा. जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी बदलताना वेगळी मोजणी करा, कारण तेव्हा गर्दी दुप्पट होते. ज्यांचे तिथे काम नाही त्यांना लांब हलवा. ज्यांना राहावेच लागते, त्यांचे छप्पर आणि भिंती हादरा सोसतील का, ते तपासा. आणि मूल्यमापनाचा अहवाल कपाटात न ठेवता कामगारांना कळेल अशा भाषेत आमच्या प्रतिनिधींपुढे ठेवा.

बंधूंनो, ही मोजणी करायला साहेबांच्या हुकमाची वाट पाहू नका. कोण कुठे बसतो, कधी बसतो, हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीला आपापली यादी घेऊन यावे. ती यादी हातात असली, की प्रशासनाशी बोलणी करताना आपल्यापाशी नुसती तक्रार राहणार नाही, पुरावा असेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!