पदराआडचे दुखणे
(तोरणमाळ येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरच्या साऱ्यांच्या पोटाची काळजी आपण वाहतो. स्वतःचे दुखणे मात्र पदराआड झाकतो. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी एका बाईच्या जठरातील कर्करोगाची गाठ कापून काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली; पण रोग उलटला आणि काही महिन्यांतच ती बाई गेली. पुढे १९३२ मध्ये ड्यूक्स यांनी दाखविले, की गुदाशयाचा कर्करोग किती खोल व कुठवर पसरला, यावर रोग्याचे भवितव्य ठरते. आज शस्त्रक्रियेला औषधांची जोड मिळाली आहे, तरी तो नियम टळलेला नाही. म्हणून शौचातून रक्त गेले, विनाकारण वजन उतरले, तर मूळव्याध समजून स्वस्थ बसू नका. घाट उतरून शहाद्याला जाणे कठीण खरे. पण उशीर त्याहून कठीण!