टाक्यांचा ठणका आणि शिकलेले हात

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकीय साहाय्य या विषयावर मी बोलावे, अशी विश्वस्तांची इच्छा होती. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा वकूब नाही. म्हणून जाणकारांना विचारून आणि थोडे वाचून एकच प्रश्न आपणापुढे ठेवतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्णाला जी वेदना होते तिची जबाबदारी कोणाची, आणि ती निभावण्याचे शिक्षण कोणाला मिळते?

रुग्णालयात भेटीला गेल्यावर आपण विचारतो, ऑपरेशन नीट झाले ना? टाके किती, घरी कधी सोडणार? दुखते का, हे विचारलेच तर उत्तरही आपणच देऊन टाकतो, ‘दुखणारच, ऑपरेशन आहे.’ या एका शब्दाने, ‘दुखणारच’ने, फार नुकसान केले आहे. पोटावर टाके असलेला माणूस कळ येईल या भीतीने खोकत नाही, दीर्घ श्वास घेत नाही. छातीत कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. तो चालत नाही, म्हणून पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. नाडी आणि रक्तदाब चढल्याने दुर्बळ हृदयावर भार येतो. काहींच्या बाबतीत जखम भरल्यावरही महिनोन्‌महिने दुखणे मागे राहते; पहिल्या दिवसांतील तीव्र, अनावर वेदना हे त्याच्या कारणांपैकी एक मानले जाते. तेव्हा वेदनाशमन हा केवळ सुखसोयीचा भाग नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक केले आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात ईथर वापरले गेले. टेबलावरची वेदना अशी गेली. खाटेवरची मात्र कित्येक दशके तशीच राहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी भूलतज्ज्ञांचे स्वतंत्र पथक रुग्णालयात कसे चालवावे, याची सविस्तर मांडणी अमेरिकेतील सिएटल येथून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती व्यवस्था खर्चिक होती. १९९४ मध्ये स्वीडनच्या ओरेब्रो येथील भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ डॉ. नरिंदर रावल यांनी अल्पखर्चाची पद्धत मांडली. तिचा कणा म्हणजे वॉर्डातील परिचारिका. नाडी आणि ताप लिहितो त्याच तक्त्यावर ठरावीक तासांनी वेदनेचा आकडाही लिहायचा. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य. तीनच्या वर गेल्यास, आधी ठरवून ठेवलेले औषध तिने विनाविलंब द्यायचे. भूलतज्ज्ञाने देखरेख करायची. व्यापारी म्हणून मला हे मनापासून पटले. जे मोजले जात नाही, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

मग प्रशिक्षणात शिकवायचे काय? पहिली गोष्ट, औषध रुग्णाने मागितल्यावर देण्याऐवजी घड्याळाच्या काट्यावर देणे. दुसरी, एकाच औषधाचा मोठा डोस न देता निरनिराळ्या प्रकारे काम करणारी औषधे थोडी थोडी जोडणे: पॅरासिटामॉल, मूत्रपिंड आणि जठराची स्थिती पाहून सूज उतरवणारे औषध, जखमेच्या भागाची मज्जा सुन्न करणारे इंजेक्शन, आणि गरजेपुरतेच मॉर्फिन. मॉर्फिन दिलेल्या रुग्णाचा श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढत जाते. ती गुंगी ओळखणे, श्वास मोजणे आणि नॅलोक्सोन हा उतारा हाताशी ठेवणे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला आलेच पाहिजे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नस सुन्न करण्याची विद्या तर हाताखाली बसूनच शिकावी लागते. (त्या यंत्रालाही गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी लागते, हे देणगीदारांनी लक्षात ठेवावे.)

अतिरेकाचाही धडा शिकवावा लागतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला पाचवे जीवनलक्षण म्हणण्याची चळवळ झाली. पुढे अफूवर्गीय गोळ्या सढळ हाताने दिल्या गेल्या आणि व्यसनाने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. आपल्याकडे नेमके उलटे झाले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धास्तीने पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची रीत सुलभ झाली, पण ते वापरण्याचा सराव कायद्याने येत नाही.

हे शिकण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात भूलशास्त्र विभागाच्या नावातच ‘वेदना’ हा शब्द आहे. वेदनेच्या अभ्यासासाठी भारतीय तज्ज्ञांची संघटना १९८४ पासून कार्यरत आहे. पापुआ न्यू गिनीसारख्या साधनहीन देशात २०१० मध्ये सुरू झालेला एका दिवसाचा मूलभूत अभ्यासक्रम भारतासह अनेक देशांत घेतला गेला आहे: वेदना ओळखा, मोजा, उपचार करा. त्याच वेळी स्थानिक शिक्षकही तयार करायचे, ही त्यातील चांगली योजना.

आपल्या भागात लहान रुग्णालयांतून भूलतज्ज्ञ अनेकदा बोलावण्यावर येतात. शस्त्रक्रिया आटोपली की ते पुढच्या ठिकाणी जातात, आणि रात्री रुग्णाजवळ उरते ती परिचारिका. तिच्यासमोर मांगेला कोळी, वारली, गुजराती, मारवाडी आणि औद्योगिक वसाहतीतला हिंदीभाषक कामगार, असे सारे असतात. ठणका, कळ, चमक, भगभग हे शब्द एकाच दुखण्याचे नव्हेत. जखम ठणकते, आतडे कळ देते, दुखावलेल्या नसेतून चमक निघते, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असू शकते. तारापूरच्या वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनतो, तो दूरदूर जातो. तो योग्य वेळी कसा द्यावा हे ज्ञान मात्र आपल्याच वॉर्डात तोकडे असावे, ही मला विसंगती वाटते.

आपल्या समाजापुरते थोडे स्पष्ट बोलतो. चौविहार पाळणारे आपले वडीलधारे सूर्यास्तानंतर गोळी घेत नाहीत, पाणीही नाही. सकाळी नवकारशीपर्यंत बारा तासांहून अधिक अंतर पडते आणि पहाटे वेदना शिगेला पोहोचते. परिचारिका तक्त्यावर ‘रुग्णाने औषध नाकारले’ एवढेच लिहिते. हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले, तर डॉक्टर शिरेतून औषध देण्याची किंवा दीर्घकाळ टिकणारा भाग सुन्न करण्याची योजना आखू शकतात. नियमाबाबत ज्याने त्याने महाराजसाहेबांना विचारावे. पण डॉक्टरांना अंधारात ठेवू नये. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या वेष्टनाचेही तसेच. आधी विचारले तर बहुधा पर्याय निघतो. आणखी एक. दुखणे सांगणे म्हणजे समता ढळणे, अशी काहींची समजूत असते. स्वेच्छेने स्वीकारलेले तप वेगळे आणि टाक्यांचा ठणका वेगळा. ग्लानाच्या वैयावच्चाला आपल्याकडे अभ्यंतर तपात स्थान आहे. वेदना लपवणारा रुग्ण सेवा करणाऱ्याला ती संधीच देत नाही.

विश्वस्तांना नम्र विनंती आहे. खाट, यंत्र, रुग्णवाहिका यांवर दात्याचे नाव कोरता येते. परिचारिकेच्या प्रशिक्षणावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी दाता मिळत नाही. सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग या परिसरातील परिचारिका आणि डॉक्टरांच्या वेदनाशमनाच्या शिक्षणासाठी राखावा. प्रवास आणि शुल्क एवढाच हिशेब मात्र धरू नये. परिचारिका शिकायला मुंबईला गेली की त्या दिवसांचा तिचा पगार कोण देणार आणि तिच्या जागी रात्रपाळीला कोण उभे राहणार, हा खर्चही देणगीतच मोजावा लागेल. नाहीतर कोणतेही लहान रुग्णालय तिला सोडणार नाही.