ओगराळं आणि अळी



स्टेशनवरून येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "कसली परिषद?" म्हटलं, "डासांवर काम करणाऱ्यांची." तो म्हणाला, "मग सभागृह कशाला साहेब, वालधुनीच्या काठावर घ्यायची ना!" गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुलीला डेंग्यू झाला होता. या नदीपायीच, असं त्याचं ठाम मत.

नदीवरचा त्याचा राग रास्तच आहे. काकोळ्याच्या डोंगरातून येऊन शिलाहारांच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी आपण गटार करून उल्हासनगरकडे धाडतो. पण आरोप भलत्याच डासावर आहे. सांडपाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा एडिस तिकडे सहसा फिरकत नाही. त्याला हवं निवळ पाणी: नळाचा भरवसा नाही म्हणून गॅलरीत भरून ठेवलेलं पिंप, कुंडीखालची बशी, गॅरेजमागचे टायर. त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. हे सगळं ऐकून रिक्षावाला म्हणाला, "पण साहेब, डास तो डासच ना?"

मराठीतही तसंच आहे. चतुर, टाचणी, निवळी अशी पाणवठ्यावरच्या किड्यांना देखणी नावं देणाऱ्या भाषेनं डासांत मात्र डावं-उजवं केलं नाही. आपला तर सगळा धंदाच हा फरक ओळखण्यावर चालतो. ओगराळ्यानं पाणी उचलायचं, पांढऱ्या भांड्यात ओतायचं, थांबायचं. अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडली तर अ‍ॅनोफिलिस; डोकं खाली करून लटकली तर दुसरा कोणी. सोयरीक जमताना माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "याचा पगार मिळतो?"

याच कामात आयुष्य घालवलेले टी. रामचंद्र राव आज किती तरुणांना ठाऊक आहेत? जुन्या मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांच्यासोबत त्यांनी उत्तर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतल्या मलेरियावर काम केलं. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारल्याचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष त्या दोघांनी १९४७ मध्ये छापले. आज ही फवारणी सरधोपट वाटते. पण तिकडचा मुख्य वाहक अ‍ॅनोफिलिस फ्लुविआटिलिस. तो डबक्यात नव्हे, डोंगरातल्या संथ, स्वच्छ ओहोळांच्या गवताळ काठाशी वाढतो. असे ओहोळ बुजवणार किती? मात्र रात्री तो घरात शिरतो, भिंतीवर टेकतो. तेवढं टेकणं पुरे असतं. डासाची ही सवय ठाऊक नसती, तर औषध कुठे मारायचं हेही कळलं नसतं.

पुढे राव पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे आजची एनआयव्ही. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा या केंद्राच्याच लोकांनी जाऊन विषाणू आणि गोचीड शोधून काढले. (गोचीड कीटक नव्हे, हे विद्यार्थ्यांना अजूनही सांगावं लागतं.) तोच माकडताप २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात आला. भारतातल्या अ‍ॅनोफिलिस डासांवरचा रावांचा जाडजूड ग्रंथ १९८० च्या दशकातला. माझ्या प्रतीची पानं ओल्या बोटांनी फुगली आहेत.

तो ग्रंथ येण्याआधीच आपली फजिती झाली होती. १९६५ च्या सुमारास देशात मलेरियाचे रुग्ण लाखभर उरले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला सरावले होते, आणि विजय झाला असं समजून आपण सैलावलो होतो. ओगराळं कोपऱ्यात पडलं. मला विचाराल तर या दोन कारणांतलं दुसरं मोठं.

म्हणून जेवणानंतर निबंधवाचनाला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. सहा ओगराळी आणली आहेत. तरुणांनी माझ्यासोबत मंदिरामागच्या काठावर यावं. पण आधी याच इमारतीच्या गच्चीवर जाऊ. सकाळी मी डोकावलो, तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं.