मातीतले औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. शास्त्रावर मी काय बोलणार, असे कोणाला वाटेल. पण माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिच्याकडून समजून घेतलेले आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहे.

पहिल्या पावसाचा मातीचा वास कोणाला आवडत नाही? त्या वासात मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या सूक्ष्म जंतूंचा. दुसऱ्या जंतूंना मारणारी द्रव्येही तेच तयार करतात. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी अशा जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले, आणि क्षयावर गुणकारी औषध हाती आले. माझ्या सासूबाई त्याच सुयांनी बऱ्या झाल्या व पुढे तीन नातवंडे त्यांनी अंगाखांद्यावर वाढवली. आपल्या पिंपरीच्या कारखान्यातही मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले गेले.

पण मातीतला जंतू औषध करतो ते आपल्यापुरते, अगदी थोडे. ते करण्याची कृती त्याच्या जनुकांत साठवलेली असते. २००२ साली एका स्ट्रेप्टोमायसीसची सगळी जनुके वाचली, तेव्हा अशा निरनिराळ्या द्रव्यांच्या वीसहून अधिक कृती सापडल्या. त्यांतल्या पुष्कळ निजलेल्या असतात. शास्त्रज्ञ आता आवर घालणारे जनुक काढतात. म्हणजे पातेल्यावरचे झाकणच दूर करतात. किंवा त्याच कृतीच्या जास्त प्रती जंतूत घालतात. एका चुलीच्या जागी आठदहा चुली पेटवाव्या तसे. २०११ साली या दुसऱ्या रीतीने एका निळ्या प्रतिजैविकाचे उत्पादन वीस पट वाढले.

मात्र पीठ मुबलक झाले म्हणून कोणी ते उधळीत नाही. सर्दीपडसे विषाणूंनी होते. त्यावर ही औषधे चालत नाहीत. उगाच घेतली, तर जंतू त्यांना सरावतात. अशा न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात सुमारे पावणेतेरा लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे.

तेव्हा भगिनींनो, शेजारणीची उरलेली गोळी मुलाला देऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि सांगितले तितके दिवस औषध घ्या. नवे औषध शोधण्याचे काम प्रयोगशाळेचे. असलेले जपण्याचे काम आपल्या घरचे आहे.