वडगावची दोन स्मारकं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



"मावळावर काहीतरी बोला," असं सेक्रेटरींनी सांगितलं. म्हणून आपण ज्या जुन्या हायवेने ये-जा करतो, त्यावरच्या वडगावबद्दल बोलतो.

जानेवारी १७७९. राघोबादादांना पुण्याच्या सत्तेवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली, बोरघाट चढून आली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. फौज तळेगावला पोचली, तर मराठ्यांनी ते आधीच जाळून मोकळं केलेलं. दाणा नाही, वैरण नाही. जड तोफा तळ्यात ढकलून फौज रात्रीच माघारी फिरली आणि वडगावात वेढली गेली. इंग्रजांना तह करावा लागला. महादजी शिंद्यांच्या या विजयाचं स्मारक वडगावात आहे.

आणि त्याच गावात स्टुअर्टचीही समाधी आहे! शत्रूच्या या शूर माणसाला आपल्या लोकांनी 'इष्टुर फाकडा' म्हटलं. जिंकणाऱ्यांनी हरलेल्याचं नाव जवळजवळ अडीचशे वर्षं, तेही आपल्या बोलीत जपलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

पण जन्म बँकेत गेला. नाव नसलेलं खातं मला चालत नाही. त्या इंग्रजी फौजेत बहुसंख्य देशी शिपाईच होते. माघारीच्या वेळी पिछाडी लढवली ती कॅप्टन हार्टलीच्या शिपायांनी. हार्टलीचं नाव इतिहासात आलं, शिपायांचा फक्त आकडा. मराठ्यांकडून पडलेल्या साध्या स्वारांचं आणि घरं गमावलेल्या तळेगावकरांचंही तेच.

तेव्हाचं राहिलं ते राहिलं. आजचं आपल्या हातात आहे. आपल्याही सोसायटीत माजी सैनिक राहतात. लिफ्टमध्ये आपण त्यांना नुसतं "काय काका, बरं आहे ना?" विचारतो. मुलांनो, त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव, पलटण, कुठे होते, बरोबरचे कोण परत आले नाहीत, हे विचारून लिहून घ्या. दगडी स्मारक उभारायला पैसा लागतो. याला एक वही पुरते.

आणि पुढच्या जानेवारीत सोसायटीची एक सहल कार्ला-वडगावला काढू या.

वही मी आणली आहे. जेवणाआधी पहिलं पान भरू.