मुख्याधिकारीपद : कर्तव्य आणि लाभ
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महाल येथे केलेले भाषण)



आपल्या घरांतील मुलामुलींचा स्पर्धा परीक्षांकडे ओढा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी व्हावे, अशी त्यांतील अनेकांची आकांक्षा असते. त्या पदाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, त्याबद्दल मी आभारी आहे.

आपल्या नागपुरास नगरपालिका 1864 साली लाभली व 2 मार्च 1951 रोजी तिची महानगरपालिका झाली. येथील प्रशासनाचा प्रमुख आयुक्त असतो. कामठी, उमरेड, काटोल, रामटेक या गावी नगरपरिषदा आहेत. तेथे हीच धुरा मुख्याधिकारी वाहतो. त्याच्या कामास 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचा आधार आहे, आणि त्याची निवड राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते.

पाणी, दिवाबत्ती, साफसफाई, करवसुली, बांधकामाची परवानगी आणि कर्मचाऱ्यांवरील देखरेख ही सारी व्यवस्था त्याच्याकडे असते. परिषदेच्या सभेत त्यास माहिती देता येते; मत मात्र देता येत नाही. ठराव लोकप्रतिनिधींनी करावा आणि अंमल त्याने करावा, ही कायद्याची वाटणी आहे. एखादा ठराव कायद्याविरुद्ध असल्यास त्याची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. तशी गोष्ट निर्भयपणे वर कळविणे हेही मुख्याधिकाऱ्याचे कर्तव्यच.

लहान वाटणाऱ्या कामाचेही मोल मोठे असते. जुन्या पिढीतील कितीतरी जणांचा जन्मदिवस शाळेच्या दाखल्यावर 1 जून असा आढळतो, कारण खरी तारीख कोठे नोंदलेलीच नव्हती. 1969 च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली; खबर देण्यास 21 दिवसांची मुदत असते. नगरपरिषदेच्या कचेरीतील ती एक ओळ पुढे मुलाला शाळेत आणि विधवेला वारसाहक्कात उपयोगी पडते.

आता लाभांविषयी. नियमित वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वैद्यकीय खर्चाची भरपाई, अर्जित रजा, स्त्रियांस 180 दिवसांची प्रसूतिरजा, हे सर्व आहे. तथापि 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांस जुने निवृत्तिवेतन पूर्वीप्रमाणे सरसकट मिळत नाही, हे पालकांनी ध्यानी ठेवावे. बदल्याही ठरलेल्याच, बिऱ्हाड पाठीवर घेण्याची तयारी हवी.

बंधुभगिनींनो, शेवटी एक कटू गोष्ट सांगतो. आपल्यातील मुलगा वा मुलगी या खुर्चीवर बसली, की आपण हारतुरे घेऊन जातो, आणि त्यामागोमाग आपला अर्जही पुढे सरकवतो. कोणाला विनाविलंब परवानगी हवी असते, कोणाला थकलेल्या करात सूट, कोणाला भाच्यासाठी नोकरी. नळावर रांगेत उभ्या असलेल्या परक्या माउलीचे पाणी तोडून आपल्या अंगणात आणणारा अधिकारी समाजाचे भूषण कसा ठरेल? त्याने आपणांस नकार दिला, तर तो नकार आपण अभिमानाने घरी न्यावा. ज्याला आपल्या माणसांसमोर नियम सांगता येतो, तोच परक्यांना न्याय देऊ शकतो. लाभ घरापुरते असतात. कर्तव्य सबंध गावाचे असते.

पदाची इच्छा धरणाऱ्या तरुणांना माझे आशीर्वाद आहेत, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, त्यांना निःस्पृह राहू द्यावे.