आपत्तीचा कायदा शेतकऱ्यांनीही जाणून घ्यावा
(कुरुंदा येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



पेरणी, खते, फवारणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज थोडे कायद्याविषयी बोलू या. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी होऊन याच कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

सन १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळी देशात आपत्तीसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. पुढे भूजचा भूकंप आणि त्सुनामी यांनंतर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ आला. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष, तर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. यातील चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१) बचावकार्यासाठी तुमचे वाहन ताब्यात घेता येते (कलम ६५). मात्र हुकूम लेखी हवा. त्या भागातील चालू भाड्याच्या दरावरून भरपाई ठरते (कलम ६६). रक्कम मान्य नसल्यास लवाद नेमण्यासाठी विहित मुदतीत शासनाकडे अर्ज करता येतो. म्हणून हुकमाची प्रत जपून ठेवा.

२) मदत वाटताना जात, धर्म, स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येत नाही (कलम ६१).

३) मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो (कलम ५२). भिडेखातर क्षेत्र वाढवून लिहू नका.

४) 'धरण फुटले' अशी खोटी आवई उठवून घबराट पसरविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे (कलम ५४).

आता पिकाचे. पूर्वी ५० टक्के नुकसानीची अट होती; २०१५ पासून ३३ टक्के किंवा अधिक नुकसान मदतीस पात्र ठरते. त्यासाठी पंचनामा आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद महत्त्वाची. ई-पीक पाहणी वेळेत करा. परंतु पंचनाम्याची वाट पाहत हळदीत पाणी तुंबू देऊ नका, कंद कुजतो. तारखेसह फोटो काढा आणि लगेच चर काढून पाणी बाहेर काढा.

कायदा जिल्ह्याला अधिकार देतो. पण पहिल्या तासाला धावतो तो शेजारीच. म्हणून मृगापूर्वीच्या ग्रामसभेत ट्रॅक्टर, दोर, बॅटऱ्या कोणाकडे आहेत आणि म्हातारी माणसे व गुरे कोणत्या उंच जागी न्यायची, याची यादी करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील लहानथोरांना पाठ असू द्या.